निळं पाणी

पाण्याला पैसे मोजायचे असतात हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत मान्य नव्हतं. आम्ही सांगलीकर. कृष्णेच्या काठी जन्मलो, वाढलो, म्हातारे झालो. पुरात कृष्णामाई घरात शिरते, एवढीच काय ती आमची पाण्याविषयी तक्रार. आगगाडीच्या प्रवासाला निघताना मी अजून फिरकीचा तांब्या बरोबर घेतो आणि फलाटावर बाटल्या विकत घेणाऱ्यांकडे करुणेनं पाहतो. या स्वभावापायी कॅनडातल्या एका घाटात माझ्या हातून काय घडलं, ते आज सांगून टाकतो. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहेच. वाचकांपासून लपवून काय मिळणार?

२०१९ सालच्या फेब्रुवारीत आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. तिचं बिऱ्हाड तेव्हा व्हँकुव्हरजवळच्या सरे गावी. कॅनडा म्हटल्यावर सौ.नं लोकरीच्या चार बंड्या भरल्या होत्या. तिथं उतरून पाहतो तो पाऊस! पॅसिफिक महासागराच्या उबेमुळं त्या किनाऱ्यावर हिवाळाभर बहुधा पाऊसच पडतो. आभाळ भरलेलं, रस्ते ओले, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ. देवरुखात आषाढ काढावा तसे आम्ही ते दिवस काढले. बर्फ होतं, पण ते समोरच्या डोंगरांच्या माथ्यावर, भिंतीवरच्या चित्रातल्यासारखं.

अशात जावईबापूंची कॅलगरीला बदली झाली. अंतर साधारण पावणेदहाशे किलोमीटर, आणि मध्ये पर्वतांच्या रांगा. मोटारीनं दोन दिवसांत जायचं ठरलं. आम्ही दोघं, लेक, जावई आणि दोन वर्षांची नात.

निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मोटारीचं बॉनेट उघडं होतं. जावई काही आणायला घरात गेले होते. कोपऱ्यात एक पांढरी टाकी दिसली, जवळजवळ रिकामी. तिच्या झाकणावर काचेवर उडणाऱ्या कारंज्याचं चित्र. म्हणजे समोरची काच धुण्याच्या पाण्याची टाकी. शेजारी जमिनीवर निळ्याभोर पाण्याचा पावणेचार लिटरांचा कॅन ठेवलेला. किंमत पाच डॉलर. मी मनात रुपये केले. अडीचशेच्या वर! काच धुवायला!

सांगलीत आमच्या फियाटमध्ये मी नळाचं पाणी ओतत असे. फार तर त्यात शांपूची एक पुडी. मग काय, दोन जग भरून आणले, टाकी काठोकाठ भरली आणि तो कॅन शेडमध्ये नीट ठेवून दिला. जावयाचे पैसे वाचवल्याचं समाधान काही वेगळंच असतं. ते परत आले, टाकी भरलेली पाहिली, सकाळी गॅरेजवाल्यानंच भरली असावी असं समजले आणि बॉनेट बंद केलं. मीही बोललो नाही. केलेला उपकार बोलून दाखवू नये!

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. फ्रेझर नदीचं खोरं सपाट आहे. व्हँकुव्हरपासून दीडशे किलोमीटरवर होप नावाचं गाव लागतं. होप म्हणजे आशा. इथं खोरं संपतं, डोंगर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि कोकिहाला नावाचा घाटरस्ता सुरू होतो. हा हमरस्ता १९८६ साली खुला झाला. ऑक्टोबर लागला की हिवाळी टायर चढवल्याशिवाय या वाटेनं जायला कायद्यानं बंदी आहे. पुढं २०२१ च्या नोव्हेंबरात अतिवृष्टीनं याचे पूल आणि भराव वाहून गेले आणि रस्ता कित्येक आठवडे बंद राहिला. आम्ही गेलो तेव्हा तो शाबूत होता.

या घाटात मला एक अनपेक्षित आनंद लाभला. रस्त्याकडेला पाटी दिसली, ‘ऑथेल्लो’. मग ‘पोर्शिया’. मी डोळे चोळले. जावयांनी सांगितलं, की पूर्वी या दरीतून केटल व्हॅली रेल्वे जात असे. ती बांधणारे इंजिनियर अँड्र्यू मॅक्कुलक हे शेक्सपिअरचे भक्त. त्यांनी स्टेशनांना त्याच्याच पात्रांची नावं देऊन टाकली. ऑथेल्लो, लिअर, जेसिका, पोर्शिया, इआगो, रोमिओ, ज्युलिएट. गाडी गेली, रूळ गेले, नावं राहिली. आता सांगलीच्या माणसाला ऑथेल्लो म्हटल्यावर देवलांचा ‘झुंझारराव’ आठवणारच. मी मागच्या सीटवरून देवल, हरिपूर, जुनी नाटकं असं सुरू केलं. सौ. म्हणाली, “अहो, त्यांना गाडी चालवू द्या.”

तोवर पाऊस थांबून हिमकण भुरभुरू लागले होते. मोटारीतला आकडा शून्याखाली गेला. उणे चार, उणे सात, उणे अकरा. रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं. मिठानं बर्फ वितळतं आणि त्याचा करडा रेंदा होतो. पुढच्या ट्रकांची चाकं तो रेंदा मागच्यांच्या काचेवर फेकतात. वायपर एकदा फिरला की काच पुसली जाण्याऐवजी सारवली जाते.

एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि काचेवर बादलीभर रेंदा आदळला. जावयांनी दांडी ओढली. पाणी उडालं. माझं पाणी! ते काचेवर पसरलं आणि बघता बघता गोठलं. वायपरनं ते आणखी पसरवलं. स्वच्छ काच दुधी काच झाली. त्यांनी पुन्हा दांडी ओढली. आता नुसती घुर्र आवाज. तोटीतून थेंब नाही.

वाचकहो, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात, घाटात, पुढचं काही दिसत नाही म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. जावयांनी ब्रेक मारला नाही. मारला असता तर मोटार फिरली असती आणि मागून ट्रक येतच होते. त्यांनी वेग हळूहळू कमी केला, धोक्याचे दिवे लावले, बाजूची काच खाली करून डोकं बाहेर काढलं. बोचरं वारं आत घुसलं. नात रडू लागली. लेकीनं तिच्यावर वाकून तिला झाकून घेतलं. कोणी बोलत नव्हतं. पुढच्या ट्रकाचे दोन लाल ठिपके, त्यांच्या आधारानं आम्ही सरकत होतो. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील. तेवढ्या वेळात मी कुलदैवताचं नाव किती वेळा घेतलं, ते मोजलं नाही.

त्या घाटात ट्रकांच्या चाकांना साखळ्या चढवण्यासाठी कडेला रुंद जागा राखलेल्या आहेत. तशा एका जागेवर मोटार थांबली. तिथं एक सरदारजी आपल्या ट्रकाला साखळ्या बांधत होते. सरेपासून ऑल्बर्टापर्यंत मालाची ने-आण करणाऱ्यांत पंजाबी मंडळी पुष्कळ. आमची काच पाहून ते स्वतःच आले. त्यांनी आपल्या ट्रकातून निळ्या पाण्याची बाटली आणली, काचेवर भरपूर ओतलं, खरवडणीनं बर्फाची साल काढली. मग बॉनेट उघडायला लावून टाकीत डोकावले. आतल्या पाण्यात पापुद्रे धरू लागले होते.

“सादा पानी?” त्यांनी विचारलं. “किसने डाला?”

जावई गोंधळले. गॅरेजवाल्याचं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. एक गरीब बिचारा माणूस, तिथून दोनशे किलोमीटरवर, काही न करता गुन्हेगार ठरणार होता. गप्प बसणं अगदी सोपं होतं.

“मैंने,” मी म्हणालो.

सरदारजींनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, “बाबूजी, इधर पानी पत्थर होता है.”

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित आणि शास्त्र शिकवलं. शून्य अंशाला पाणी गोठतं हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण ते फळ्यावरचं शून्य होतं. सांगलीत ते कोणाला भेटत नाही. परीक्षेत दोन गुण मिळवून देणं एवढंच त्याचं काम. त्याच शून्यानं आज माझ्या नातीच्या अंगावर हात टाकला होता.

जावई मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बाबा, चूक माझीच. निघण्यापूर्वी मी तपासायला हवं होतं.” पुन्हा मोटार सुरू झाली. बराच वेळ शांततेत गेला. मग सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “पाच डॉलर वाचले ना?” थोड्या वेळापूर्वी इआगोची पाटी मागं पडली होती. त्यानं ऑथेल्लोच्या कानात विष ओतलं, मी जावयाच्या टाकीत पाणी ओतलं. झुंझाररावाची गोष्ट मात्र त्यानंतर मी कोणाला सांगितली नाही.

वाटेत दोनदा थांबून सरदारजींनी दिलेल्या बाटलीतल्या पाण्यानं काच धुतली आणि कसेबसे मेरिटला पोचलो. तिथल्या गॅरेजात मोटार तासभर उबेला ठेवली, टाकी पूर्ण रिकामी केली, नळ्या मोकळ्या केल्या. मेकॅनिकनं बजावलं, की साध्या पाण्यावरच निळं ओतून भागत नाही. पाण्यानं ते पातळ होतं आणि कॅनवरचा आकडा खोटा पडतो. शिवाय पाणी गोठताना फुगतं, त्यानं टाकी तडकते, आणि गोठलेल्या टाकीवर दांडी ओढत राहिलं तर पंप जळतो.

त्या कॅनवर ‘उणे चाळीस’ असं छापलेलं होतं. सेल्सिअस की फॅरनहाइट, ते मी शोधू लागलो आणि स्वतःशीच हसलो. उणे चाळीसला दोन्ही मापं एकच होतात. हे गणित मीच मुलांना घातलेलं! या पाण्यात मुख्यतः मिथेनॉल असतं. शुद्ध मिथेनॉल उणे सत्त्याण्णव अंशांपर्यंत गोठत नाही. पाण्यात मिसळलं की ते पाण्यालाही गोठू देत नाही. पण ते जहरी. पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. युरोपीय संघात तर २०१९ पासून असल्या पाण्यात ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल घालून ते सामान्य ग्राहकाला विकता येत नाही. रंग मात्र सरबतासारखा. नात “मला, मला” करत त्याकडं धावली तेव्हा लेकीनं कॅन उचलून उंचावर ठेवला. काचेपलीकडचं दिसावं म्हणून वापरायचं द्रव्य प्यायलं तर माणूस आंधळा होतो, हे मोठं विलक्षण वाटलं.

कॅमलूप्सला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही रॉजर्स पासला चढलो. हा घाट १३३० मीटर उंच. १९१० च्या मार्चमध्ये इथं रुळांवरचं बर्फ उपसणाऱ्या ५८ मजुरांना हिमकड्यानं गाडलं. त्यांत बरेच जपानी होते. पोट भरायला समुद्र ओलांडून आलेली माणसं. मग रेल्वेनं डोंगराच्या पोटातून बोगदा काढला, तो १९१६ मध्ये सुरू झाला. मोटाररस्ता आला १९६२ साली. आजही तिथं हिवाळ्यात कॅनडाच्या सैन्याचे तोफखान्याचे जवान असतात. रस्ता थोडा वेळ बंद करून ते कड्यांवर तोफा डागतात आणि साचलेलं बर्फ आपल्या सोयीच्या वेळी खाली आणतात. तोफेपासून कॅनपर्यंत सगळी तयारी त्या एका शून्याविरुद्ध!

लेक लुईजवळ आकडा उणे सव्वीस झाला. काच मळली. जावयांचा हात दांडीकडं गेला, थांबला. आधी त्यांनी काचेवर गरम हवेचा झोत सोडला, काच ऊबदार झाल्यावरच दांडी ओढली. मी कारण विचारलं. निळं पाणी टाकीत गोठत नाही हे खरं; पण धावत्या मोटारीच्या काचेवर वाऱ्यानं त्यातलं मिथेनॉल आधी उडून जातं, मागं उरतं ते पाणी. शिवाय उडताना ते काचेची ऊबही नेतं. ज्या न्यायानं आमच्या माठातलं पाणी गार होतं, त्याच न्यायानं इथं काच गोठते. सांगलीच्या उन्हाळ्यातला माझा मित्र इथं वैरी होऊन भेटला.

कॅलगरीत पोचलो तेव्हा रात्र झाली होती. घरोघरी अंगणात मोटारी उभ्या, आणि त्यांच्या तोंडातून विजेच्या वायरी निघून भिंतीकडं गेलेल्या. गोठ्यात दावं बांधलेल्या गाईंसारख्या. इंजिन रात्रभर उबेत राहावं म्हणून ही व्यवस्था. जावयांनी सामान उतरवायच्या आधी आमच्याही मोटारीला दावं बांधलं. मग उरलेला निळा कॅन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बाबा, हा आत ठेवता?” मी तो दोन्ही हातांनी धरून आत नेला.

आता आम्ही सांगलीतच असतो. फियाट गेली, तिच्या जागी आलेल्या मोटारीत मी नळाचंच पाणी ओततो, आणि इथं ते योग्यच आहे. पण दर ऑक्टोबरात एका रविवारी कॅलगरीहून फोन येतो. फोनच्या पडद्यावर उघडं बॉनेट दिसतं. जावई उन्हाळ्यातलं पाणी काढून टाकलेली रिकामी टाकी मला दाखवतात, मग कॅनवरचा आकडा कॅमेऱ्याजवळ धरतात.

“बघा बाबा, उणे चाळीस. ओतू ना?”

मी चष्मा लावून आकडा वाचतो. मी मान हलवली, की मगच ते ओततात.