गाण्याच्या शेवटी नाव

स्मरणिकेसाठी आम्ही इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. आम्ही लिहीत आहोत ते मात्र वसतिगृहातील एका गिटारीविषयी, एका जुन्या मोबाईलविषयी आणि गाद्यांच्या कोठीविषयी. वाचकांनी थोडा धीर धरावा. इतिहास यात येणारच आहे.

आंबेडकरी चळवळ वर्गात शिकविताना आम्हांला एक उणीव सतत जाणवत आली आहे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह किंवा १९३० चा काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा शिकवायचा तर वृत्तपत्रे आहेत, भाषणे आहेत, पत्रव्यवहार आहे. परंतु या लढ्यांची वार्ता ज्यांनी वाड्यावस्त्यांवर पोहोचविली त्या जलशांचे कागद किती उरले? भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतःच ग्रंथ लिहून ठेवला, म्हणून त्या कलापथकांचे पुष्कळसे आपल्याला कळते. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले, तरुणपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गीते रचून गेले. त्यांची गीते त्यांच्या नावाने टिकली याचे एक साधे कारण असे, की शेवटच्या कडव्यात ते बहुधा स्वतःचे नाव गुंफीत. गीत कितीही गावे फिरून आले तरी ‘वामन’ हा शब्द त्याच्याबरोबर फिरत असे.

ज्यांनी नाव गुंफले नाही त्यांचे काय झाले, ते आम्ही आमच्या आजोळी पाहिले आहे. तेथे एक शाहीर होते. दिवसा गवंड्याच्या हाताखाली काम करीत आणि रात्री डफ घेत. त्यांची गाण्यांची वही पत्र्याच्या घरात आढ्याला बांधलेली असे. ती एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली. त्यांचे एक गीत आजही १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आसपासच्या चार गावांत म्हटले जाते आणि चारही गावांत त्याचा कर्ता म्हणून वेगवेगळी नावे सांगितली जातात. आमच्या शाहिरांचे नाव त्यांत नाही.

नाव गुंफण्याची ही रीत जुनी आहे. चोखोबांच्या अभंगांत ती आहे. सोयराबाईंनी तर आपल्या मुद्रेत स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेतले आणि ज्या शब्दाने समाज दूर लोटीत होता त्याच शब्दाची सही केली. ध्वनिमुद्रणाच्या युगातही ती रीत एका वेगळ्या कारणाने आली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन तबकडीवर मुद्रित झाले. त्या काळच्या त्यांच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावे हे कळावे, एवढाच त्यामागील हेतू होता. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मात्र त्या दोन-तीन सेकंदांची किंमत मोठी वाटते.

म्हणून आमच्या गीतलेखन वर्गाचा पहिला नियम हाच आहे. गाणे संपले की दोन श्वास थांबावे आणि स्पष्ट सांगावे : गीत कोणाचे, चाल कोणाची, वाद्य कोणी वाजविले, गाव कोणते, तारीख कोणती. हे झाल्याशिवाय मुद्रण पूर्ण झाले असे आम्ही मानीत नाही.

गिटार संस्थेत आली ती पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून. ती येताच कुजबुजही सुरू झाली. भीमगीताला ढोलकी, खंजिरी, फार तर पेटी शोभते. हे पाश्चात्त्य वाद्य कशाला, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हांला विचारले. पेटीसुद्धा युरोपातूनच आली, एवढे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणून दिले. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले होते, हेही सांगितले. त्यांचे समाधान झाले की नाही कोण जाणे. पण भैरवीच्या वळणाची एक चाल गिटारीवर ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत.

भैरवीचा उल्लेख सहज केलेला नाही. गिटारीच्या नेहमीच्या जुळणीत सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही तारा ‘ई’ स्वरात असतात. त्यांना षड्ज मानले तर बारकीच्या शेजारची ‘बी’ ची तार आपोआप पंचम होते आणि तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. बारक्या तारेवर पहिल्या पट्टीत कोमल रिषभ आणि तिसऱ्या पट्टीत कोमल गंधार सापडतो. सहावीतल्या मुलालाही हे अर्ध्या तासात बोटाने कळते. दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्यांसाठी कॅपो आहे. ‘सी’ चा आकार धरून पहिल्या पट्टीवर कॅपो लावला की काळी एक मिळते. केहरव्याच्या आठ मात्रा उजव्या हाताच्या खाली-वर अशा चार फेऱ्यांत बसतात. नवशिक्याने तीन-चार कॉर्डवर थांबावे. शाहिरांनी याहून कमी सामग्रीत रात्रीच्या रात्री जागविल्या आहेत.

लेखनाबाबत आम्ही मुलांना सांगतो, की आधी ध्रुवपद लिहा आणि ते न गाता मोठ्याने बोलून पाहा. बोलताना जेथे जीभ अडखळते तेथे गातानाही ती अडखळणार. ओळखीच्या चालीवर शब्द बसविणे कमीपणाचे आहे असे काही संगीतप्रेमी मानतात. ते आम्हांला मान्य नाही. चित्रपटांच्या चालींवर भीमगीते रचण्याची परंपरा मोठी आहे आणि मात्रा मोजण्याचा त्याहून चांगला सराव नाही. फक्त तो वहीतच ठेवावा. ध्वनिमुद्रण करून चारचौघांत द्यायचे तर चाल आपलीच हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांचा हक्क एकाचा आणि चालीचा दुसऱ्याचा असू शकतो आणि तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हा कायदा आपल्याला अडविण्यासाठीच आहे असे समजू नये. तो आपल्या मुलांच्या गीतांनाही लागू आहे.

आता गाद्यांच्या कोठीकडे वळू. वसतिगृहाची सभागृहे सिमेंटची आणि उघडीबोडकी आहेत. तेथे टाळी वाजविली की ती भिंतीभिंतींवर आपटत परत येते. वंदनेच्या वेळी तो घुमारा गोड वाटतो, पण ध्वनिमुद्रणात त्याने शब्द पुसले जातात. कोणत्या खोलीत मुद्रण करावे याची परीक्षा एका टाळीने होते. टाळी जेथे जागच्या जागी विझते ती खोली चांगली. आमच्याकडे ही परीक्षा गाद्या-रजयांच्या कोठीने उत्तीर्ण केली. घरी करणाऱ्यांनी दोरीवर दोन जाड गोधड्या टाकून त्यांच्याकडे तोंड करावे. पंखा बंद करावा. मोबाईल विमान मोडवर टाकावा. पत्र्याखाली पाऊस चालू असेल तर त्या दिवशी लेखन करावे.

मोबाईलचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. ती कड गायकाकडे करून साधारण वीतभर अंतरावर, थोडी तिरकी ठेवावी. तिरकी का, हे आम्हांला एका शब्दाने शिकविले. मुले पूर्ण आवेशाने ‘भीम’ म्हणत आणि प्रत्येक वेळी ‘भ’ बरोबर हवेचा झोत माइकवर आदळून धप्प असा आवाज येई. ‘फ’ आणि ‘प’ यांचेही तेच. फोन थोडा बाजूला सरकविला आणि भरतकामाच्या रिंगवर जुन्या ओढणीचे विरळ कापड ताणून मध्ये धरले, तेव्हा तो शब्द स्वच्छ उमटला. गिटारीच्या बाबतीत फोन पोकळीच्या तोंडासमोर धरू नये. तेथे नुसता गुमगुमाट भरतो. दांडा जेथे पेटाऱ्याला मिळतो त्या बाजूला, वीत-दीड वीत दूर धरावा.

आवाजाची पातळी दाखविणारी रेघ लालपर्यंत जाऊ देऊ नये. हळू मुद्रित झालेले नंतर वाढविता येते. फाटलेला आवाज शिवता येत नाही. फोनमध्ये सोय असल्यास ‘वेव्ह’ स्वरूपात साठवावे. स्टिरिओत एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते, पण मूळ प्रत धडधाकट राहते. ऐकविण्यासाठी एमपी३ काढावी. संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आधी कानात लयीची टकटक ऐकत गिटार मुद्रित करावी, मग ती कानात ऐकत गळा. दुसरा थर कधी किंचित मागे पडतो, तो ओढून जागेवर आणावा लागतो. सुरुवातीला हे काम कंटाळवाणे वाटते आणि पुढेही थोडे वाटतच राहते.

या कोठीत गेल्या हंगामात नववीतील एका मुलीने एक गीत केले. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. गीताचे ध्रुवपद एका प्रश्नाभोवती होते : मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिला जातो, उचल बापाच्या नावावर पडते, मग आईचे नाव कोणत्या वहीत आहे? चाल तिने आईच्या ओवीवरून उचलली होती. गीत आमच्या एका सहकाऱ्यांना फार आवडले. त्यांनी सुचविले, की चाल थोडी सुधारून घ्यावी, स्नेहसंमेलनात ते तयारीच्या गायिकेकडून म्हणवून घ्यावे आणि ‘संस्थेची प्रस्तुती’ म्हणून मुद्रित करावे. हेतू चांगला होता, तरीही आम्ही विरोध केला. शिक्षकांच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. ज्या मुलीचे गीत वहीत नाव नसण्याविषयी आहे तिचेच नाव गाळून ते गीत आपण मिरविणार काय, एवढेच आम्ही विचारले. अखेर ते तिच्याच आवाजात, तिच्याच कच्च्या गिटारवादनासह मुद्रित झाले.

मुद्रण तिच्या आईला फोनवर पाठविले. आई त्या वेळी कारखान्याच्या तळावरील कोपीत होती. दोन दिवसांनी उत्तर आले. कौतुक त्यात थोडेच होते, दुरुस्ती अधिक होती. दुसऱ्या कडव्यात मुलीने मोळी खालून वर ट्रकात देतात असे लिहिले होते. तसे नसते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे असते, आणि फळी दवाने ओली असली की पाय कसा टाकायचा तेही आईने सांगितले. मुलीने कडवे नव्याने लिहिले आणि पुन्हा मुद्रित केले. त्याच्या शेवटी ती सांगते : गीत माझे, दुसरे कडवे आईने दुरुस्त केलेले, चाल आईची. मग दोघींची पूर्ण नावे येतात.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. ते काम पाहिले की आपल्या परिसरात आपण किती गमावले याचा अंदाज येतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी भीमगीतांच्या जुन्या कॅसेट असतील. दीक्षाभूमीवरून, चैत्यभूमीवरून आणलेल्या असतील, काहींवर वस्तीतल्या कार्यक्रमाचे घरगुती मुद्रणही असेल. त्या टाकू नयेत. फीत चिकटली असल्यास ओढू नये, तशीच आणावी. ग्रंथालयात चालू स्थितीतील एक टेपरेकॉर्डर आहे. त्यातून संगणकावर प्रत काढून मूळ कॅसेट त्याच दिवशी परत देऊ. येताना घरातील वडीलधाऱ्या माणसांनाही बरोबर आणावे. फितीवर गाणारा आवाज कोणाचा आहे, हे अनेकदा फक्त त्यांनाच ओळखता येते. रविवारी सकाळच्या वंदनेनंतर कोठी उघडी असते.