परवाना कोणाच्या नावावर?

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात प्रोफेसर कॉलनी चौकातून भिस्तबाग चौकाकडे निघालात, की शाळा, क्लासेस, पतसंस्था, सीएंची कार्यालये आणि दवाखाने एकामागून एक लागतात. त्यांतल्या काही ठिकाणच्या संगणकांची देखभाल मी करते. अलीकडे बोलावणे येते तेव्हा यंत्र बहुतेक वेळा धडधाकट असते. त्यातले ॲप उघडत नसते. कारण शोधत गेले, की मी एकाच प्रश्नापाशी पोहोचते: हे ॲप घेतले कोणाच्या नावावर?

शाळेत बाक, पंखा, प्रोजेक्टर असे काहीही आले, की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते. नग, किंमत, बिल क्रमांक, तारीख. मुख्याध्यापक बदलले, की चार्ज देता-घेताना ते रजिस्टर पुढच्यांच्या हाती जाते. ऑडिटर ते तपासतो. सॉफ्टवेअर सीडीवर यायचे तेव्हा निदान तिचा डबा कपाटात असायचा. श्रीलिपीसारख्या पॅकेजबरोबर डोंगल मिळायचे. ते संगणकाला लावल्याशिवाय पॅकेज चालत नसे, म्हणून क्लार्क ते कुलपात ठेवत. ॲप स्टोअरमध्ये हाती काहीच येत नाही. आपण फक्त वापरण्याची परवानगी विकत घेतो, आणि ती ज्या खात्यातून घेतली त्या खात्याला कायमची चिकटते.

संस्थेचा पैसा कोटेशन, ठराव, दोन सह्या आणि चेक या वाटेने बाहेर पडतो. स्टोअरला पैसे लागतात जागच्या जागी. त्यात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केले आणि 2022 मध्ये ॲपलने भारतात आपल्या स्टोअरवर डेबिट-क्रेडिट कार्डे घेणे थांबवले. यूपीआय, नेटबँकिंग आणि खात्यातली शिल्लक एवढेच उरले. मग एखादे उत्साही सर स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या यूपीआयने ॲप घेतात आणि व्हाउचर लावून पैसे मागून घेतात. हेतू चांगला असतो, त्या दिवशीचे कामही भागते. पण बिल सरांच्या नावावर येते आणि परवानाही त्यांच्याच नावावर राहतो.

पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. इथल्याच एका शाळेत प्राथमिक वर्गांसाठी टॅब घेतले होते. संगणकाच्या बाईंनी प्रत्येक टॅबवर आपले गुगल खाते घातले आणि काही ॲप विकत घेतली. बाई नोकरी बदलून परगावी गेल्या. टॅब मंद चालतात म्हणून शिपायाने बटणे दाबून ते रीसेट केले. टॅब सुरू झाला तो थेट एका पडद्यावर येऊन थांबला: या टॅबवर पूर्वी असलेले खाते टाका. चोरीचा टॅब चोराच्या कामी येऊ नये म्हणून गुगलने केलेली ही सोय आहे. बाईंना फोन लावला. त्यांना पासवर्ड आठवत नव्हता आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्यांनी बंद केला होता, त्यामुळे ओटीपी येण्याचा प्रश्नच नव्हता. टॅबची खरेदीची बिले शोधून कंपनीच्या सेवा केंद्राकडून ते उघडून घ्यावे लागले. विकत घेतलेली ॲप मात्र गेली ती गेलीच, कारण गुगल प्लेवरची खरेदी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो मोठ्या कंपन्यांपुरता नाही. अँड्रॉइडच्या नव्या किंवा रीसेट केलेल्या टॅबवर पहिला स्वागताचा पडदा येतो. त्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवा. क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. सगळे टॅब एका जागेवरून सांभाळणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापन प्रणालीने दिलेला कोड त्याला दाखवला, की तो टॅब संस्थेचा होतो. कोणा शिक्षकाचे खाते घालावे लागत नाही. प्ले स्टोअर उघडले तर संस्थेने मंजूर केलेली ॲप तेवढी दिसतात. बाकीचा बाजार दिसतच नाही.

ॲपलच्या पद्धतीतही हाच धडा टप्प्याटप्प्याने गिरवला गेला. 2010 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या शाळांसाठी घाऊक खरेदीची योजना काढली. तेव्हा शाळेला कोड मिळत. कोड ज्याने वापरला, ॲप त्याचेच झाले. विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी परत घेता येत नसे. 2013 मध्ये परवाना संस्थेकडेच ठेवून वापरणाऱ्याला तात्पुरता देण्याची आणि परत घेण्याची सोय आली. 2015 पासून तो थेट यंत्राच्या सीरियल नंबरवर देता येऊ लागला. आता चाळीस परवाने घेतले, तर एक आयपॅड बिघडल्यावर त्याचा परवाना काढून नव्या आयपॅडला लावता येतो. मोफत ॲपचेही शून्य रुपयांचे परवाने आधी संस्थेच्या खात्यात घ्यावे लागतात.

आपल्याकडच्या लॅबमध्ये मात्र विंडोजच जास्त, आणि तिथे एक निराळी मेख आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एका विद्यार्थ्याने ॲप घेतले, की ते त्याच्यापुरते लागते. त्याच संगणकावर दुसरा विद्यार्थी आपल्या नावाने आला, तर त्याला ते दिसत नाही. म्हणून लॅबमध्ये ॲप यंत्रासाठी बसवावे लागते, माणसासाठी नाही. संस्थांसाठीचे मायक्रोसॉफ्टचे वेगळे स्टोअर 2023 मध्ये बंद झाले. आता हे काम मायक्रोसॉफ्टच्याच इन्ट्यून या व्यवस्थापन प्रणालीतून होते. लहान लॅबमध्ये विंडोजमधली विनगेट ही आज्ञा वापरूनही बरेच भागते. मुलांना ॲडमिनचे अधिकार देऊ नयेत, हे दोन्हींकडे सारखेच. एक जीबीचे ॲप चाळीस संगणकांनी वेगवेगळे उतरवले, तर चाळीस जीबी ओढले जातात आणि ऑफिसचे ऑनलाइन काम अडते. विंडोजमधली डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची सोय चालू ठेवली, तर संगणक एकमेकांकडून तुकडे घेतात आणि लाइन मोकळी राहते.

परवाना यंत्राच्या नावे करण्यामागे मुलांच्या हिताचेही कारण आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. प्रत्येक मुलाचे खाते काढायचे म्हणजे प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर परक्या कंपनीला देणे. टॅबच ओळखीचा असेल, तर पुष्कळ ॲपना मुलाची ओळख लागतच नाही.

आता ‘मोफत’विषयी, कारण सावेडीत सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. जिओजेब्रा हे भूमितीचे उत्तम साधन व्यापारी नसलेल्या वापरासाठी मोफत आहे. फी घेणाऱ्या क्लासने ते लावण्याआधी अट वाचली पाहिजे. एनीडेस्क घरगुती वापराला मोफत आहे. पतसंस्थेच्या शाखा त्यावरून सांभाळणे त्यात बसत नाही. क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल तर बोलायलाच नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब प्रमाणे अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून दंडावर भागवू शकते. पण कोर्टाची पायरी चुकत नाही.

ज्यांना परवान्यांचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी केरळचा रस्ता उघडा आहे. तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले. लिबरऑफिस, जिंप, जीकॉम्प्री, टक्सपेंट यांवर प्राथमिक ते माध्यमिकचे बहुतेक काम होते, आणि कितीही संगणकांवर ती लावली तरी परवाने मोजावे लागत नाहीत.

संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना माझे सांगणे थोडके आहे. ई-मेल संस्थेच्या डोमेनवरचा घ्या: ‘संगणक विभाग’ अशा पदाच्या नावाचा, माणसाच्या नावाचा नव्हे. त्याचा मोबाइल नंबर कार्यालयाचा असू द्या. ॲडमिन दोघे ठेवा, म्हणजे एक गेला तरी दार बंद होत नाही. बिल संस्थेच्या नावावर मागा. आणि डेडस्टॉक रजिस्टरच्या शेजारी परवान्यांची एक वही ठेवा: ॲपचे नाव, परवाने किती, कोणत्या खात्यातून घेतले, कोणत्या यंत्रांवर आहेत, नूतनीकरण कधी. चार्ज देताना तीही वही द्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल, तेव्हा पहिल्या आठवड्यात एवढे कराच. पैशापेक्षा याला शिस्त लागते, आणि शिस्त शिकवणे हे तर शाळेचेच काम आहे.