नोकरीचे पहिले वर्ष

महाविद्यालयात असताना वर्षाला शेवट असे. परीक्षा आटोपली की मे महिना आमचा : वाडीतले आंबे, विहिरीतले पोहणे, गायकवृंदाचा सराव. नोकरी लागली आणि हा शेवटच नाहीसा झाला. कामाने आम्ही तितके थकलो नाही. या न संपण्याने थकलो.

वसईहून चर्चगेट सुमारे ५२ किलोमीटर. जलद लोकललाही तासाहून अधिक लागतो. त्यात बसायला मिळणे हे दैवाधीन! पहिला पगार आईच्या हाती दिला, तेव्हा तिने तो येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे ठेवला. बाबांनी मात्र पगारपत्रक निरखले. मूळ वेतनाचे १२ टक्के भविष्यनिर्वाह निधीत गेलेले. "आमच्या केळीच्या बागेने म्हातारपणाची अशी तजवीज कधी केली नाही," एवढेच ते म्हणाले. त्या बागेला रविवारही ठाऊक नव्हता, हे आम्हांला तेव्हा जाणवले.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरवला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी त्याच दिवशी असल्याने ती मिस्सा तेवढी आम्हांला साधते. एरवी गायकवृंदाचा सराव सायंकाळी सातला, आणि आम्ही स्थानकावर उतरतो साडेआठला. नोकरीला लागलेला तरुण धर्मग्रामातून असा नकळत गळतो. त्याची श्रद्धा आटली, असे उगाच बोलले जाते.

सराव रविवारी मिस्सानंतर घ्यावा, असे आम्ही चौघा नोकरदारांनी फादरांना सुचवले आहे. विद्यार्थी मंडळी कुरकुरत आहेत. ती त्यांची क्रिकेटची वेळ.