गोधड्या धुण्याचा दिवस

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे गोधड्या धुवायला नदीवर जायची पद्धत होती. एकदा झड लागली की जाड गोधडी वाळता वाळत नाही, म्हणून घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे मे महिन्यातच उल्हास नदीवर न्यायची. तुमच्याकडे कृष्णा असेल, गिरणा असेल, नाहीतर गावचा ओढा असेल. दिवस मात्र असाच. भाकऱ्या बांधून सकाळी निघायचे आणि उन्हे कलली की परतायचे. पोरांना तर ती जत्राच वाटे.

१९८४ सालची गोष्ट. वन्संचा मुलगा सुट्टीला डोंबिवलीहून कुळगावला आमच्याकडे आला होता. वय वर्षे नऊ. "मामी, मी पण येणार," म्हणून सकाळपासून पदराला धरून होता. आमचे घर रुळाच्या पूर्वेला आणि नदी पश्चिमेला. रूळ ओलांडताना मी त्याचे मनगट इतके घट्ट धरले की ते लाल झाले. मला धास्ती गाडीची होती. नदीवर पोचल्यावर मात्र हात सोडला. उन्हाळ्यातली नदी, पोराच्या गुडघ्याएवढे पाणी, भोवती आम्ही सात-आठ बाया. भीती कसली?

वाचक भगिनींनो, बुडणारे माणूस ओरडते, हातपाय आपटते अशी माझी समजूत होती. सिनेमात तसेच दाखवतात. हा पोरगा माझ्यापासून दहा पावलांवर बुडत होता आणि आवाज काहीच नव्हता. पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता. हनुवटी वर, तोंड पाण्याच्या रेघेवर, डोळे उघडे, नजर माझ्याकडे. मला वाटले, खेळतोय. मी गोधडीवर आणखी दोन धोपटणी मारली. ती दोन धोपटणी मी अजून विसरले नाही. ज्याला श्वासच पुरत नाही तो हाक कशाने मारणार, हे तेव्हा कळले नव्हते.

शेजारच्या काकूंनी पाहिले. मी पाण्यात धाव घेणार तोच त्या ओरडल्या, "उतरू नकोस! तुला तरी कुठे पोहता येतंय?" त्यांनाही येत नव्हते. खडकावर त्यांचे लुगडे वाळत पडले होते, त्याचे एक टोक हाताला गुंडाळून दुसरे त्यांनी फेकले. पहिल्यांदा ते अलीकडेच पडले. दुसऱ्यांदा पोराच्या हाताला लागले. नऊवारी लुगडे म्हणजे आठ मीटरवर लांबी, तेवढी पुरली. आम्ही तिघीचौघींनी ओढून काढले. तो पाणी ओकला आणि मोठ्याने रडू लागला. त्याचे रडणे ऐकले तेव्हा कुठे माझे पाय लटपटले.

तिथे रेती काढल्याने खड्डा झाला होता. वरून पाणी एकसारखे दिसे. आमच्या पोरांना ती जागा माहीत होती, ती तिकडे फिरकत नसत. पाहुण्याच्या पोराला कोण सांगणार? आमच्या नदीचे आणखी एक आहे. भिवपुरीला टाटांचे वीजघर आहे, त्यातून सुटलेले पाणी हिच्यात येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. ते पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटते, पोरांच्या सुट्टीप्रमाणे नव्हे. काल जिथे उभे राहता आले तिथे आज राहता येईलच असे नाही.

वन्संना आठ दिवस सांगितले नाही. मग राहवेना, सांगितले. त्या रागावल्या नाहीत, काही बोलल्याच नाहीत. पण पुढची दोन वर्षे त्यांनी मुलाला पाठवले नाही. त्यांचे काय चुकले? तिसऱ्या वर्षी आला तेव्हा ह्यांनी त्याच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकवले. मी रोज काठावर बसून असे. निवडायचे तांदूळसुद्धा जवळ घेत नसे.

कारण तेच तर चुकले होते. आठ बाया होत्या, पण प्रत्येकीच्या हातात काम होते, आणि प्रत्येकीला वाटले दुसरीचे लक्ष आहे. बांगलादेशात पुष्कळ खेड्यांतून सकाळी नऊ ते एक अशी लहान मुलांसाठी बालघरे चालवली, कारण आया कामात असतात त्याच वेळी पोरे तळ्यात जातात असे आढळले. २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली होती. आपल्याकडे मेमध्ये राब, पेरणीची तयारी, लग्नसराई. बालघर नसेना का, पाळी तर लावता येते. जिची पाळी तिने दुसरे काम घ्यायचे नाही.

पोरांनाही एक गोष्ट शिकवा: कोणी बुडत असेल तर मागे उडी टाकायची नाही. दोर, काठी, कपडा, बुचाचा रिकामा कॅन, हाताला येईल ते फेकायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून गरगर फिरवायची जुनी रीत सोडून द्या. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, थांबायचे नाही. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा.

आता नदीवर गोधड्या न्यायला कोणी उरले नाही. पण माझ्या पुतण्याने मुरबाडच्या बाजूला शेततळे केले आहे, आणि ते मला नदीपेक्षा वाईट वाटते. आत प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणारासुद्धा त्या उतारावरून घसरून पुन्हा आत जातो. कुंपण घाला, आणि काठावर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा.

यंदाच्या सुट्टीत वन्संची नातवंडे तिथे जायची होती. निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याचा फोन आला. पन्नाशीचा गृहस्थ आहे आता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "मामी, तळ्याला दोर बांधलेत ना?"

म्हटले, "चारी बाजूंनी बांधलेत. मी स्वतः ओढून पाहिलेत."