पेन्शन नसलेले निवृत्त

शर्यतीतून काढलेला कारवान कुत्रा कुणी माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात आणला, की कुत्र्याआधी मी माणसांची वयं विचारते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. पण हिशेब सरळ आहे. पळणारा कुत्रा चार-पाच वर्षांचा झाला की मागे पडतो आणि मालकाला नकोसा होतो. जगतो मात्र बारा-तेरा वर्षं. म्हणजे तुमच्या वाट्याला सात-आठ वर्षं येणार, आणि त्यातली शेवटची दोन त्याला उचलून जिना चढण्याची.

कारवान म्हणा नाहीतर मुधोळ. आपल्या दोन केनेल क्लबांचंही नावावर एकमत नाही. 2005 साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं ते मुधोळ नावाने. ग्रेहाउंड हा त्याचा विलायती भाऊबंद. 1926 साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानात यंत्राच्या सशामागे ग्रेहाउंड पळू लागले, आणि पुढे तिकडे निवृत्त कुत्री घरी नेणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या. आमच्याकडची कुत्री येतात ती जत्रेतल्या शर्यतीतून, कुणाच्या तरी ओळखीने, टेम्पोतून.

बिजली अशीच आली. पाच वर्षांची. घर डहाणूकर कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेतून. बिजलीने जिना कधी पाहिलाच नव्हता. चढली कशीबशी, उतरताना मात्र पहिल्याच पायरीवर थरथरत उभी. चार दिवस चिकनचा एकेक तुकडा एकेका पायरीवर ठेवून उतरवली. गुळगुळीत फरशीवर पाय फाकायचे, म्हणून काकूंनी लग्नातल्या सतरंज्या काढल्या. एकदा झोपेत हात लावला म्हणून ती काकांवर गुरकावली. गोठ्याशेजारी एकटी झोपणारी कुत्री ती, अंगाला झोपेत हात लागायची सवय कुठली? आधी हाक मारा, मग हात लावा, एवढंच मी सांगितलं.

या जातीच्या रक्ताबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. ग्रेहाउंडमध्ये तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतं, 55-60 टक्केसुद्धा. प्लेटलेट्स आणि थायरॉइड कमी. लॅबच्या कागदावर या सगळ्यापुढे खुणा येतात, आणि धडधाकट कुत्र्याला जन्मभराची थायरॉइडची गोळी लागते. अंगावर चरबी नाही आणि यकृतातून काही औषधं सावकाश निचरतात, म्हणून थायोपेंटोनसारख्या भुलीतून तो फार उशिरा जागा होतो. कारवानाच्या बाबतीतही मी तीच खबरदारी घेते. दात काढायचा असला तरी भूल कोणती देणार, हे डॉक्टरांना आधी विचारा. मलाही विचारा.

वेताळ टेकडीवर पट्टा सोडायचा नाही. कधीच नाही. हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. दूरवर मोर हलला की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. पट्टाही रुंद हवा. त्याची मान डोक्याइतकीच जाड असते, साधा पट्टा टोपीसारखा निघून येतो. सशामागे सोडून 'बघू तरी कसा पळतो' म्हणणारे हौशीही भेटतात. त्यांना मी 1972 चा वन्यजीव कायदा ऐकवते, आणि जरा मोठ्याने ऐकवते.

माझ्या कार्डावर एक जादा रकाना आहे: तुमच्यानंतर कोण? काका सत्तरीचे, मुलगा कॅलिफोर्नियात. त्या रकान्यापाशी दोघंही गप्प झाले. मग समोरच्या फ्लॅटमधली दहावीतली मुलगी म्हणाली, "माझं नाव लिहा." संध्याकाळी बिजलीला तीच फिरवते. मी तिचंही वय विचारलं. पंधरा. म्हटलं, सात वर्षांनी तू कुठे असशील?

"मी कुठे जाणारे डॉक्टर? इथेच."

कोथरूडात हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. नाव लिहिलं, पण पेन्सिलीने.