कोरियन दुकानातलं शेवाळ आणि आमच्या घरातला अळिवाचा लाडू



गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अडीच महिने न्यूयॉर्कला होतो. परत आल्यावर दवाखान्यात जो तो विचारायचा, "डॉक्टर, काय काय पाहिलंत?" स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लांबून पाहिला, हे खरं. पण मी सगळ्यात जास्त वेळा गेलो ते एका कोरियन किराणा दुकानात. त्या दुकानाच्या निमित्ताने थायरॉइडच्या गोळीबद्दल मला जो धडा मिळाला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे. तीस वर्षं ही गोळी लिहून देतोय, तरी मिळाला.

मुलगी राहते फ्लशिंगला. क्वीन्स भागातलं, सात नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. बाउन स्ट्रीटवर जुनं गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींचं मन लगेच रमलं. पण फ्लशिंग मुख्यतः चिनी आणि कोरियन लोकांचं. नॉर्दर्न बुलेव्हार्डवर तर मैलोन् मैल कोरियन पाट्या. आज अमेरिकाभर पसरलेलं एच मार्ट हे कोरियन सुपरमार्केटसुद्धा १९८२ साली याच क्वीन्समध्ये, वुडसाइडला, कोपऱ्यावरचं दुकान म्हणून सुरू झालं.

नातू पस्तिसाव्या आठवड्यातच आला. वजन दोन किलो दोनशे. आठ दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आला. तिथे प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात आजारांची तपासणी करतात, त्यात थायरॉइडही असतं. ती तपासणी ठीक आली. मुलीला मात्र लग्नाआधीपासून हायपोथायरॉइडचा त्रास. गरोदरपणात शंभर मायक्रोग्रॅमची गोळी होती, बाळंतपणानंतर डोस पुन्हा पंचाहत्तरवर आणला होता.

बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या कोरियन आजी पातेलं घेऊन दारात उभ्या. सत्तरीच्या असाव्यात. इंग्रजी बेताचं, पण बाळंतिणीच्या बाबतीत भाषा लागतेच कुठे? पातेल्यात काळपट हिरवं सूप होतं. मियॉक-गुक. समुद्रातल्या शेवाळाचं सूप. कोरियात बाळंतिणीला पहिले एकवीस दिवस तरी हे देतातच. आपला सव्वा महिना, त्यांचे तीन आठवडे. पुढे दर वाढदिवसालाही हेच सूप करतात, आईने आपल्यासाठी काय सोसलं त्याची आठवण म्हणून. एरवी त्यात गोमांस घालतात. आम्ही खात नाही हे मुलीने आधी सांगितलेलं असावं, कारण आजींनी फक्त तिळाचं तेल, लसूण आणि सोया सॉस घालून केलं होतं. मुलीने दोन वाट्या मिटक्या मारत प्यायल्या.

आठवडाभराने आजी दुकानात निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "हाराबोजी, कम." हाराबोजी म्हणजे आजोबा. मला आजोबा म्हणणारी पहिली व्यक्ती ही. गेलो.

दुकानात

आत शिरताच लसणाचा वास. सोललेल्या लसणाच्या किलो-किलोच्या पिशव्या एका भिंतीला रचलेल्या. आपल्याकडे सोललेला लसूण मूठभर मिळाला तरी गृहिणी खूश होतात! पुढे लांबट कोबीचे ढीग, मांडीएवढे जाड पांढरे मुळे, सोयाबीनचे मोड, आणि नारळाएवढे वाटोळे नाशपाती, एकेक जाळीदार टोपीत बसवलेले. मग तांदळाची पोती. तांदूळ आखूड आणि चिकट, आपल्या इंद्रायणीची आठवण करून देणारा.

लाल तिखटाची रांग पाहून तर मी थबकलोच. गोचुगारु म्हणतात त्याला. जाडसर, लालभडक, पाच-पाच पौंडांच्या पिशव्या. मिरची त्यांच्याकडेही मूळची नव्हेच, आपल्याप्रमाणेच बाहेरून आली. तरी आज तिच्याशिवाय दोघांचंही पान हलत नाही.

थंड कपाटात डबेच डबे. जेवताना डाव्या-उजव्या बाजूला वाढायच्या आपल्या चटण्या-कोशिंबिरींसारखे त्यांचे छोटे पदार्थ, त्यांना बानचान म्हणतात. किमची तर दहा-बारा तऱ्हांची. घरोघरी एकत्र जमून वर्षाची किमची घालण्याच्या त्यांच्या रिवाजाला २०१३ साली युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या वाळवणाच्या दिवसांसारखंच ते काम. शाकाहारी वाचकांनी एक ध्यानात ठेवावं: बहुतेक किमचीत खारवलेली बारीक कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. वरून दिसत नाही, मागची चिठ्ठी वाचावी लागते.

आणि चिठ्ठी वाचणं हा माझा जुना रोग. शेवयांचं एक पाकीट उलटलं. सोडियम आठशे साठ मिलिग्राम. बरं म्हटलं. मग बारीक अक्षरांत दिसलं, 'पाकिटात दोन भाग'. पाकीट अर्धं करून खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे एका पाकिटात सतराशेच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात दोन हजार मिलिग्रामच्या आत, म्हणजे पाच ग्रॅम मिठाच्या आत राहा म्हणते. कोरियन लोकांना हे कळलेलं आहे बरं का. २०१२ पासून तिथल्या सरकारने मीठ कमी करण्याची मोहीमच घेतली. २०१० मध्ये माणशी रोजचं सोडियम सुमारे ४८०० मिलिग्राम होतं, ते २०१८ पर्यंत सुमारे ३३०० वर आलं. आपल्याकडे पापड-लोणच्यावर बोललं की पेशंट डॉक्टर बदलतो.

शेवाळाची भिंत

दुकानाच्या मागच्या बाजूला अख्खी भिंत वाळवलेल्या शेवाळाची. इथे माझ्यातला डॉक्टर जागा झाला. शेवाळ म्हणजे आयोडीन, हे तुम्हालाही माहीत असेल. पण सगळं शेवाळ सारखं नसतं. तीन प्रकार नीट समजून घ्या.

पहिलं गिम. कागदासारखे पातळ चौकोन, भाताभोवती गुंडाळतात ते. यात आयोडीन सगळ्यात कमी, एका पानात काही दशक मायक्रोग्रॅम. दुसरं मियॉक, सुपातलं. एका ग्रॅममध्ये साधारण शंभरच्या वर. तिसरं दाशिमा, जाड चामड्यासारखे पट्टे, रश्शाला चव यावी म्हणून उकळतात. त्याच्या एका ग्रॅममध्येच हजार-दोन हजार मायक्रोग्रॅम असू शकतं.

आता गरज किती? मोठ्या माणसाला रोज दीडशे मायक्रोग्रॅम, अंगावर पाजणाऱ्या आईला अडीचशे. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा अकराशे धरतात. आपल्या घरच्या आयोडीनयुक्त मिठात नियमाप्रमाणे किमान पंधरा पीपीएम आयोडीन असतं, म्हणजे पाच ग्रॅम मिठातून पंचाहत्तर मायक्रोग्रॅम तरी मिळतं. त्यावरून दाशिमाचा अंदाज करा.

आयोडीन कमी पडलं तर थायरॉइड मंदावते हे शाळेत शिकवतात. फार जास्त झालं तरीही ती मंदावू शकते, हे शिकवत नाहीत. अचानक भरपूर आयोडीन आलं की ग्रंथी हॉर्मोन बनवणं काही काळ थांबवते. निरोगी माणसात काही दिवसांत गाडी रुळावर येते. पण ज्यांची ग्रंथी आधीच आजारी असून थोडीफार चालते, त्यांच्यात ती मंदच राहू शकते. शिवाय आयोडीन दुधातून बाळाला जातं. कोरियातच अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात आईच्या दुधातलं जास्तीचं आयोडीन आणि बाळाच्या थायरॉइडची मंद गती यांचा संबंध दिसलेला आहे.

आजी शांतपणे मियॉकचं पाकीट निवडत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे दोन किलो दोनशेचा नातू. पाकिटावर आयोडीनचा आकडा नव्हताच, तो छापायची सक्ती नाही. तरी मी एक पाकीट घेतलं, घरी जाऊन अभ्यास करू म्हणून.

अभ्यास सौभाग्यवतींनी केला. मूठभर मियॉक पाण्यात भिजत घातलं आणि बाळाला आंघोळ घालायला गेल्या. परत येऊन पाहतात तो पातेलं भरून ओट्यावर शेवाळ! भिजल्यावर ते दसपट फुगतं. मी हिशोब मांडला: कोरियन बाळंतिणीच्या एका मोठ्या वाडग्यात हजार मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन जाऊ शकतं. मुलीला सांगितलं, आजपासून सूप बंद. आजींना काय सांगायचं? "तिचं पोट बिघडलंय," असं खोटंच सांगितलं. त्या पुढच्या आठवड्यात पातेलं घेऊन आल्या, तेव्हाही तेच सांगितलं. मग त्या आल्या नाहीत.

सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट

सूप बंद होऊन तीन आठवडे झाले होते. मुलीची टीएसएच आली अकरा पॉइंट दोन. हवी होती चारच्या आत. मी म्हणालो, "बघ! शेवाळ!" मुलगी रडायलाच लागली. बाळाला काही झालं असेल का, हा तिचा पहिला प्रश्न. बाळाची तपासणी पुन्हा केली, ती ठीक होती.

तिची डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढीच. माझं शेवाळपुराण तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलीला एकच विचारलं, "गोळी कधी घेतेस आणि कशाबरोबर?"

उत्तर सौभाग्यवतींनी दिलं, मोठ्या कौतुकाने. पहाटे बाळाचं दूध झालं की त्या लेकीला गरम दूध आणि अळिवाचा लाडू नेऊन देत. विसरायला नको म्हणून दिवसाच्या गोळ्याही एका डबीच्या झाकणात: थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची आणि जीवनसत्त्वाची. चारही एकदम, दुधाबरोबर.

मंडळी, ते झाकण मी सहा आठवडे रोज बघत होतो. त्याच टेबलावर बसून शेवाळाचे आकडे काढत होतो. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच बांधून ठेवतात, ती रक्तात पुरेशी उतरतच नाही. हे मी दवाखान्यात दिवसातून दहा वेळा सांगतो. स्वतःच्या घरात विचारलं नाही, कारण दूध आणि अळिवाचा लाडू आपला. आपल्यावर कोण संशय घेतो?

डॉक्टरने डोस वाढवला नाही. फक्त वेळ बदलली. थायरॉइडची गोळी पहाटे एकटी, पाण्याबरोबर. दूध-लाडू तासाभराने. कॅल्शियम आणि लोह दुपारनंतर. सूप आठवड्यातून एखादी वाटी चालेल म्हणाली.

पुन्हा दुकान

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दुकानात गेलो आणि नाशपातींची एक पेटी घेतली. तिकडे भेट म्हणून तीच देतात. आजींच्या दारात उभा राहून फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने खरं काय ते सांगितलं. पोट बिघडलं नव्हतं, मला शेवाळाची भीती वाटली होती.

त्यांनी वाचलं. रागावल्या की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. मला आत बोलावलं, कपाटातून मियॉक काढलं आणि तळहातावर घेऊन दाखवलं. एक चिमूट, फार तर तीन-चार ग्रॅम. मग चार बोटं. एवढ्यात चार वाट्या. म्हणजे वाटीमागे शंभर-सव्वाशे मायक्रोग्रॅम! मुलीची गोळी त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या उशाशी पाहिली होती, म्हणून हात राखून करत होत्या. मी पाकीट वाचलं, हिशोब केला, पण "किती घालता?" एवढं त्यांना विचारलं नाही.

तुमच्यासाठी, थोडक्यात

१. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. नंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध काही नको.

२. कॅल्शियम, लोह आणि ही गोळी यांत किमान चार तास अंतर ठेवा. बाळंतिणीला तिन्ही गोळ्या असतात, म्हणून घरच्यांनीच वेळा लिहून ठेवा.

३. अळीव, डिंक, खीर बंद करायची गरज नाही. फक्त गोळीनंतर तासाभराने द्या.

४. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच तपासा. ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला सुरक्षित आहे, मनाने बंद करू नका.

५. शेवाळ खायचं असेल तर प्रकार आणि प्रमाण पाहा. थायरॉइडचा आजार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर दाशिमा आणि 'केल्प'च्या गोळ्या टाळा. गिमच्या दोन-चार पानांनी घाबरू नका.

६. टीएसएच वाढली की लगेच डोस वाढवून मागू नका. आधी गोळी कशी घेताय ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

मे महिन्यात, आम्ही इकडे परतल्यावर, मुलीचा नवा रिपोर्ट आला. टीएसएच दोन पॉइंट आठ, त्याच पंचाहत्तरच्या गोळीवर. त्याच आठवड्यात एक फोटोही आला. बाळाला शंभर दिवस झाले की कोरियात तो दिवस साजरा करतात. आजींनी तांदळाच्या पिठाचा पांढराशुभ्र वाफवलेला केक करून आणला होता. नातू त्यांच्या मांडीवर आणि टेबलावर एका बाजूला सुपाची वाटी, दुसऱ्या बाजूला आमचा राहिलेला लाडवांचा डबा.

मी मुलीला एकच प्रश्न पाठवला, "गोळी किती वाजता घेतलीस?"