स्वल्पविराम कुणाला विचारून द्यावा?

इंग्रजी मजकुराचं संपादन करताना मला लेखकांना सर्वांत जास्त फोन करावे लागतात ते स्वल्पविरामापायी. स्पेलिंग अडलं तर कोश उघडता येतो. पण ‘हू’ किंवा ‘विच’ने सुरू होणाऱ्या उपवाक्याला कॉमा द्यायचा की नाही, याचं उत्तर अनेकदा कागदावर नसतंच.

‘माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर.’ कॉमा नाही, म्हणजे भाऊ एकाहून अधिक आणि डॉक्टर आहे तो नाशिकचा. ‘ब्रदर’ आणि ‘नाशिक’ यांच्यापुढे कॉमा दिले की भाऊ एकच उरतो. नाशिक ही जाता जाता दिलेली माहिती. लेखकाला भाऊ किती, हे मला टेबलाशी बसून कसं कळावं?

घरगुती लेखात हे खपूनही जाईल, पण पुनर्विकासाच्या नोटिशीत नाही. ‘द मेंबर्स हू हॅव साइन्ड द अ‍ॅग्रीमेंट विल गेट रेंट’ म्हणजे भाडं फक्त सह्या करणाऱ्यांना. तेच उपवाक्य दोन कॉमांत घातलं, तर सगळ्यांनीच सह्या केल्यात आणि भाडं सगळ्यांनाच. एकही शब्द न बदलता कुणाच्या तरी घरभाड्याचा प्रश्न उभा राहतो. असा मजकूर मी अंदाजाने कधीच पुढे पाठवत नाही.

इंग्रज कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या ‘मॉडर्न इंग्लिश युसेज’मध्ये सुचवलं होतं की आवश्यक उपवाक्याला ‘दॅट’ वापरावं, जादा माहितीला ‘विच’. अमेरिकी संपादकांनी ते उचलून धरलं. ब्रिटनमध्ये ‘विच’ आजही दोन्हीकडे चालतं. माणसांसाठी मात्र बहुतेक वेळा ‘हू’च येतं, मग सगळा भार त्या दोन चिन्हांवर. आणि ती दोन्ही हवीत. पहिला कॉमा देऊन दुसरा विसरलेली वाक्यं मला रोज भेटतात.

‘श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम’ या शिकवणीने फार नुकसान केलंय. कर्ता लांबला की लोक दम घेतात आणि क्रियापदाच्या तोंडाशीच कॉमा ठेवतात. तरी कान अगदीच निरुपयोगी नाही. मोठ्याने वाचताना जादा माहितीपाशी आवाज आपसूक खाली उतरतो. आवश्यक उपवाक्यात तो तसा उतरत नाही. लेखकाला मी फोनवर तेच वाक्य वाचून दाखवायला सांगते, आणि बहुतेकदा तिथेच उलगडा होतो.

लेखक गाठता आला नाही, तर मूळ प्रतीत आहे तसंच ठेवते, समासात प्रश्नचिन्ह काढते आणि प्रूफ प्रकाशकाकडे धाडते.